हाउसहोल्डर पॉलिसीतला ‘पब्लिक लायबिलिटी’ विभाग: अंगणात विहीर असलेल्या गोव्यातल्या घराला तो कितपत पुरतो?

मे महिन्याची सुट्टी लागली की वाड्यावरची मुलं मोठं अंगण असलेल्या घरी जमतात. चेंडू गडग्यापलीकडे जातो, कुणी कैऱ्यांसाठी झाडावर चढतं, कुणी दमून विहिरीच्या कठड्यावर बसतं. घरमालकाला हे रोजचंच. मुलं न विचारता आत आली तर काही झाल्याची जबाबदारी त्यांच्या आईवडिलांची, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही, आणि याच गैरसमजापायी घराचा विमा घेताना पॉलिसीतला सर्वांत उपयोगाचा विभाग वगळला जातो. हे परीक्षण त्या विभागाचं, म्हणजे बाहेरच्या माणसाला आपल्या जागेत झालेल्या इजेची भरपाई पेलणाऱ्या ‘पब्लिक लायबिलिटी’चं आहे. पाचपैकी साडेतीन गुण. घ्यावा असाच आहे, पण विहिरीवर जाळी नसेल तर तो अर्धाच कामाचा.

आधी कायदा थोडक्यात. जागेच्या मालकाची किंवा ताबेदाराची जबाबदारी सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. न्यायालयं निष्काळजीपणाच्या जुन्या तत्त्वांवरच चालतात. मोठा माणूस परवानगीशिवाय आत शिरला तर मालकाची जबाबदारी मर्यादित असते. मुलाच्या बाबतीत तसं नाही. १९२२ च्या ग्लासगो कॉर्पोरेशन विरुद्ध टेलर या खटल्यात सार्वजनिक बागेतली विषारी फळं खाऊन सात वर्षांचं मूल दगावलं. ती फळं मुलांना भुलवणारी होती आणि धोक्याची सूचना नव्हती, म्हणून बाग सांभाळणारी नगरपालिका सुटली नाही. मुलाला ओढून घेणारी वस्तू जागेत ठेवायची आणि मूल आलं तर ‘घुसखोर’ म्हणायचं, हे चालत नाही. विहीर, तळी, पिकलेला आंबा, रेतीचा ढीग, सरकतं गेट या सगळ्या भुलवणाऱ्याच गोष्टी. मुलं रोज खेळतात आणि मालक अडवत नाही, तर ती मूक परवानगीच ठरते. ‘विहिरीजवळ जाऊ नये’ ही पाटी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलासाठी नसल्यातच जमा.

आता पॉलिसी. बँकेच्या कर्जासोबत किंवा एजंटकडून हल्ली सर्रास मिळते ती ‘भारत गृह रक्षा’. १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी लागू आहे. आग, वीज, वादळ, पूर, दरड यांपासून घर आणि सामान यांना ती चांगलं संरक्षण देते. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतकं सामानाचं संरक्षण त्यात आपोआप येतं. पण तिच्या मूळ संरक्षणात तिऱ्हाइताला झालेल्या इजेची जबाबदारी नाही. तिच्यात वैयक्तिक अपघाताचा एक ऐच्छिक भाग आहे, तो विमाधारक आणि जोडीदार यांच्यासाठी. शेजारच्या मुलाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘घराचा विमा काढलाय, सगळं आलं त्यात’ म्हणणाऱ्यांनी कपाटातली पॉलिसी काढून एकदा वाचावी.

हवी ती हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसी, किंवा गृह रक्षेला जोडून मिळणारं लायबिलिटीचं ॲड-ऑन. पॅकेज पॉलिसीत आग, चोरी, दागिने, घरगुती उपकरणं असे विभाग सुटे निवडता येतात. पब्लिक लायबिलिटी बहुधा शेवटच्या विभागांत असते आणि एजंट तिच्याबद्दल बोलत नाही, कारण तिचा हप्ता बाकीच्या विभागांच्या मानाने किरकोळ असतो. प्रस्ताव अर्जात त्या विभागापुढे खूण आणि रक्कम हवी. खूण नसेल तर विभाग नाही. ‘पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट, १९९१’ हे नाव सांगून कुणी गोंधळात टाकत असेल तर लक्षात ठेवा, तो कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, घरांसाठी नाही.

हा विभाग काय देतो? विमा उतरवलेल्या जागेत अपघात होऊन बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा मृत्यू आला, आणि त्याची भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी घरमालकावर आली, तर ती रक्कम आणि कंपनीच्या लेखी संमतीने झालेला वकिलाचा खर्च कंपनी भरते. यातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे. ‘कायदेशीर जबाबदारी’ म्हणजे मालकाचा दोष सिद्ध व्हावा लागतो किंवा कंपनीने तडजोड मान्य करावी लागते. मुलाचा हात मोडला म्हणून माणुसकीने दिलेले दहा हजार परत मिळत नाहीत. अमेरिकेतल्या घरविम्यात पाहुण्याच्या उपचाराचा छोटा खर्च दोष न बघता देणारा भाग असतो. तिकडे राहणारे नातेवाईक तसं सांगतात आणि आपल्याकडेही तसंच असेल असं लोक धरून चालतात. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत तो भाग नसतो, आणि आमच्या मते ही या विभागाची सर्वांत मोठी उणीव आहे.

ती उणीव गोव्यात काही अंशी भरून निघते. मूल पडल्याबरोबर १०८ बोलवावी आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) न्यावं. पुढच्या उपचारांसाठी मुलाच्या घरच्यांकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का ते लगेच विचारावं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाख, अशी त्या योजनेची मर्यादा आहे. पहिल्या काही दिवसांची चिंता त्याने हलकी होते.

या पॉलिसीत माणसं अडकतात ती एका अटीत. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही, तडजोड करायची नाही. वाड्यावर ही अट पाळणं जड जातं. शेजाऱ्याचं पोर हॉस्पिटलात असताना ‘सगळा खर्च मी करतो’ हे शब्द तोंडातून जातातच. मुलाला उचलून नेणं, प्रथमोपचार करणं, रात्री हॉस्पिटलात थांबणं म्हणजे कबुली नव्हे. ते करायलाच हवं. पंचासमोर किंवा चिठ्ठीवर ‘माझ्यामुळे झालं, इतके देईन’ असं लिहून मात्र देऊ नये. त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल करावा. जागेचे फोटो सगळ्या बाजूंनी काढावेत, मग लगेच तो धोका बंद करावा. तिथे कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवावीत. वकिलाची नोटीस आली तर स्वतः उत्तर न देता ती त्याच दिवशी कंपनीकडे पाठवावी. दावा चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते.

रक्कम किती घ्यावी? इथे एजंटचं ऐकू नका. लाख-दोन लाखांची मर्यादा कागदावर बरी दिसते, पण मूल कायमचं अपंग झालं तर भरपाई मृत्यूच्या भरपाईपेक्षाही मोठी होते. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात, वाहन अपघातात शंभर टक्के अपंगत्व आलेल्या १२ वर्षांच्या मुलीला सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले. तो खटला रस्त्यावरच्या अपघाताचा होता, पण मुलाच्या आयुष्याचा हिशेब मांडताना दिवाणी न्यायालयांपुढे असेच निकाल ठेवले जातात. नुसतं अंगण आणि झाडं असतील तर २५ लाख, विहीर किंवा तळी असेल तर ५० लाख मागावेत. कंपनी इतकं देत नसेल तर दुसरी बघावी. मर्यादा एका अपघाताची आहे की सगळ्या वर्षाची, तेही विचारावं.

वगळलेल्या गोष्टींत दोन-तीन गोव्याच्या घरांना नेमक्या लागतात. एक, कुटुंबातल्या माणसाला झालेली इजा यात येत नाही. कुटुंब म्हणजे कोण याची व्याख्या वाचा. सुट्टीत आजोळी आलेली नातवंडं काही पॉलिसींत बाहेरची धरली जातात, काहींत घरचीच. दोन, घरातला व्यवसाय. खोल्या पर्यटकांना देणं, ट्यूशन, चतुर्थीआधी ओसरीवर चालणारी गणपतीची चित्रशाळा. चित्रशाळेत मूर्ती बघायला आलेल्या मुलावर फळी पडली तर कंपनी ‘हा धंदा आहे’ म्हणून हात वर करू शकते. होमस्टे किंवा स्विमिंग पूल असलेला बंगला भाड्याने देणाऱ्यांना ही पॉलिसी अजिबात पुरत नाही, त्यांनी व्यावसायिक लायबिलिटीच घ्यावी. तीन, कामगार. माडावरून पाडेली (नारळ पाडणारा) पडला तर तो या विभागाचा विषय नाही, त्यासाठी कामगार भरपाईचा वेगळा विभाग घ्यावा लागतो. कुत्र्याबद्दल पॉलिसीगणिक फरक असतो, लेखी विचारून घ्या.

फौजदारी बाजू तर कोणतीच पॉलिसी सांभाळत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रानडुकरांसाठी किंवा आंबे चोरणाऱ्यांसाठी कुंपणात घरातली वीज सोडणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा साठच्या दशकातला निकाल माहीत करून घ्यावा. मालकाने वाटेत उघडी तार लावून वीज सोडली होती आणि परवानगीशिवाय आलेली शेजारीण तिला चिकटून मेली. मालकाची शिक्षा कायम राहिली. ‘ती न विचारता आली होती’ हा बचाव न्यायालयाने मानला नाही. असं कुंपण असेल तर आजच बंद करा.

पॉलिसी कुणाच्या नावावर हवी, हा प्रश्न इथे जास्त गुंतागुंतीचा आहे. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामाईक असते, आणि वडिलोपार्जित घराच्या एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर चार भावांची नावं असतात. पॉलिसी एकाच्या नावावर आणि नोटीस चौघांना, असं झालं तर उरलेले तिघे उघडे पडतात. जेवढे मालक तेवढी नावं घाला, निदान पती-पत्नीची तरी घालाच. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत मुंडकाराचं (तिथे घर करून राहणाऱ्याचं) घर असेल आणि विहीर दोघांच्या वापराची असेल, तर विहिरीची देखभाल प्रत्यक्षात कोण करतं हे महत्त्वाचं ठरतं. तिथे दोघांनीही हा विभाग घ्यावा, आणि प्रस्ताव अर्जात विहीर सामाईक असल्याचं स्पष्ट लिहावं. विहीर लपवून घेतलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

आता जाळीकडे येऊ. पॉलिसीत ‘विमाधारकाने वाजवी काळजी घ्यावी’ अशी अट असते. उघडी विहीर म्हणजे ती अट मोडल्याचा आयता पुरावा. शिवाय जाळी पॉलिसीपेक्षा आधीची गरज आहे, कारण पैशाने मूल परत येत नाही.

कठडा जमिनीपासून किमान एक मीटर हवा. उंची मोजायची ती मूल जिथून चढेल तिथून. कठड्याला टेकून धुण्याचा दगड किंवा पंपाचा चौथरा असेल तर एक मीटरचा कठडा तिथे अर्धा मीटरच उरतो. असे दगड मीटरभर लांब सरकवा. पावसाळ्यात आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचं पाणी काठापर्यंत चढतं, म्हणून ‘विहीर खोल नाही’ हे समाधान जुलैत खोटं असतं.

अडीच मीटर व्यासाच्या विहिरीसाठी जाळी दोन अर्धगोलांत करून घ्या. चौकट ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या अँगलची, आत १२ मिलिमीटरच्या सळ्या अर्धगोलाच्या सरळ बाजूच्या अँगलला काटकोनात, दर १० सेंटिमीटरवर एक. मधली फट ९ सेंटिमीटरच्या आत राहते, त्यातून लहान मुलाचं डोकं जात नाही. सळ्यांच्या मध्यावर एक आडवी पट्टी वेल्ड करा, नाहीतर त्या वर्षभरात वाकतात. दोन्ही अर्ध्यांच्या सांध्याखाली ७५ मिलिमीटरचं चॅनेल आडवं टाकावं. चॅनेल सोडून एकूण वजन ९० किलोच्या आसपास येतं. फॅब्रिकेटर किलोवर भाव सांगतो, तेव्हा हा आकडा हाताशी असू द्या. ४५ किलोचा अर्धगोल एकट्याला उचलत नाही, म्हणून बादली आणि पंपासाठी ६० बाय ६० सेंटिमीटरचं बिजागरीचं झाकण ठेवा, त्याला पितळी कुलूप. झाकण नसलं की पंप दुरुस्तीला जाळी बाजूला सरकवली जाते आणि तशीच राहते. जाळी असलेल्या विहिरी उघड्या सापडतात त्या बहुधा याच कारणाने.

आणखी एक चूक वारंवार होते. जाळी थेट चिऱ्यात अँकर बोल्ट मारून बसवतात. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, दोन पावसांत बोल्ट ढिले होतात. आधी कठड्यावर त्याच्या रुंदीइतकी, १५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची कड सळ्या घालून ओतावी. ओततानाच तिच्यात सहा होल्डफास्ट (जाळी पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) सारख्या अंतरावर बसवावेत, सात दिवस पाणी मारावं आणि मग जाळी चढवावी. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज केलेलं घ्या. किनारपट्टीवर नुसता रेड ऑक्साइड आणि रंग दर वर्षी पावसाआधी नव्याने द्यावा लागतो. गॅल्व्हनाइज केल्यानंतर वेल्डिंग केलं तर तिथला जस्ताचा थर जळतो, त्या जागेवर झिंकयुक्त रंग मारून घ्या. नायलॉनची किंवा हिरवी शेडनेट विहिरीवर टाकू नका. ती मुलाला पेलत नाही आणि पाणी झाकून धोका लपवते.

२४ जूनला सांजावच्या सणाच्या दिवशी विहिरीत उड्या मारायला वाड्यावरची पोरं येतात तेव्हा मालकाने जाळी स्वतःहून उघडलेली असते. म्हणजे ती परवानगी झाली, आणि जबाबदारी वाढली. पाण्याची खोली दोरीने मोजा, पंपाची वीज मेनपासून बंद करा, पोहता येणारी दोन मोठी माणसं आणि टायरची ट्यूब तिथे ठेवा, आणि दारू प्यालेल्याला उतरू देऊ नका. संध्याकाळी कुलूप लावल्याशिवाय घरात जाऊ नका. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) तर वर्षभर हवाच, ओल्या जमिनीवर मुलं अनवाणी असतात.

बंद पडलेली बोअर असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सूचना आहेत: तळापासून जमिनीपर्यंत माती, रेती, दगडांनी भरून काढायची. चालू बोअरच्या केसिंगभोवती अर्धा बाय अर्धा मीटरचा, ६० सेंटिमीटर उंचीचा काँक्रीटचा चौथरा, त्यातला निम्मा जमिनीवर, आणि तोंडावर वेल्ड केलेली किंवा बोल्टने आवळलेली पोलादी टोपी.

सरकत्या गेटकडे कुणाचं लक्ष नसतं. दीडशे-दोनशे किलोचं गेट रुळावरून मुलं झोका घेत ढकलतात. टोकाला स्टॉपर नसेल तर ते मार्गदर्शक रोलरमधून सुटून अंगावर पडतं. दोन्ही टोकांना खांबात बसवलेले स्टॉपर आणि वर दोन रोलर जोड्या, एवढंच लागतं. एका दुपारचं काम आहे. सेप्टिक टँकच्या झाकणावर उभं राहून बघा, हललं तर बदला. माडाखाली क्रिकेट चालत असेल तर नारळांचा पाडप लांबवू नका आणि सुकलेली चुडतं (झावळ्या) काढून घ्या.

गेटला कायमचं कुलूप लावणं हा उपाय आम्ही सुचवत नाही. मुलं गडग्यावरून येतातच, आणि बहुतेक वाड्यांवर खेळायला दुसरी जागा राहिलेली नाही. विहीर, टाकी, वीज बंदिस्त करा आणि अंगण मोकळं ठेवा.

शेवटी कागदाबद्दल. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या दाव्याची मुदत ते सज्ञान झाल्यावर मोजली जाते, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला आज झालेल्या इजेचा दावा ते २१ वर्षांचं होईपर्यंत येऊ शकतो. अपघात ज्या वर्षी झाला त्या वर्षीची पॉलिसी तेव्हा लागते. नूतनीकरण झालं म्हणून जुनी टाकून देऊ नका. प्रत्येक वर्षाची पॉलिसी, हप्त्याची पावती आणि एजंटने ईमेलवर दिलेली उत्तरं छापून, घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत किमान वीस वर्षं ठेवा.